गप्प बसा, हा उपचार नव्हे

(द्वितीय वर्ष, कला)

'बोलणाऱ्याचा कोंडाही खपतो आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात,' अशी एक म्हण आमच्या बाजारात नेहमी ऐकू येते. म्हण जुनी आहे आणि खरीही आहे. परंतु ती ज्यांना बोलता येते त्यांच्यापुरती खरी आहे. ज्याला बोलायचे आहे, बोलण्यावरच ज्याचे पोट आहे, आणि तरीही ज्याचा आवाज महिनोन्महिने, किंबहुना वर्षानुवर्षे बसलेला आहे, त्या माणसाने काय करावे? त्याच्यासाठी आपल्याकडे आहेत ते फक्त सल्ले. कोमट पाणी प्या, ज्येष्ठमध चघळा, मिठाच्या गुळण्या करा, आणि हे सगळे संपले की शेवटचा सल्ला : 'जरा बोलणेच कमी करा.'

डोळा अधू झाला तर आपण चष्मा लावतो. 'पाहणे कमी करा' असे कोणी म्हणत नाही. पाय मुरगळला तर काही दिवस विश्रांती सांगतात, पण पुन्हा चालायलाही शिकवतात. आवाजाच्या बाबतीत मात्र विश्रांती सांगून आपण मोकळे होतो. पुढचे शिकवणे राहूनच जाते.

हे शिकवण्याचे काम करणारा एक उपचार आहे. रुग्णालयात त्याला 'व्हॉइस थेरपी' म्हणतात. या लेखापुरते आपण त्याला स्वरोपचार म्हणू. त्यात गोळी नाही, इंजेक्शन नाही, चिरफाड नाही. वाचातज्ज्ञ, म्हणजे स्पीच थेरपिस्ट, रुग्णाला समोर बसवून श्वास कसा घ्यावा, गळा कसा सैल सोडावा, आवाज कोठून आणि कसा काढावा हे शिकवतात आणि करवून घेतात. हे ऐकून पुष्कळांना हसू येते. 'नुसते म्-म् करून का कुठे आजार बरा होतो?' असा प्रश्न मी स्वतः ऐकला आहे. प्रश्न अगदीच गैर नाही. जुनाट दुखण्याला अशा उपचाराने खरोखर गुण येतो का, हे तपासून पाहिलेच पाहिजे.

माझे मत आधीच सांगून टाकते. गुण येतो. परंतु तो उपदेशाने येत नाही, सरावाने येतो. सगळ्या दुखण्यांना तो सारखा येत नाही. आणि सरावाला लागणारी सवड ज्यांना सर्वांत अधिक हवी, त्यांनाच ती कोणी देत नाही.

प्रथम आवाज कसा निघतो ते पाहू. गळ्याच्या पुढच्या बाजूला हाताला जे टणक लागते ते स्वरयंत्र. त्यात दोन स्वरतंतू असतात. फुप्फुसातून वर येणाऱ्या हवेने ते एकमेकांवर टेकतात आणि पुन्हा अलग होतात. पुरुषांमध्ये हे सेकंदाला साधारण शंभर ते सव्वाशे वेळा घडते, स्त्रियांमध्ये दोनशेच्या आसपास. आमच्या एखाद्या प्राध्यापिकेने एका तासात सगळा मिळून अर्धा तास जरी प्रत्यक्ष आवाज काढला, तरी तिचे स्वरतंतू साडेतीन लाखांहून अधिक वेळा एकमेकांवर आदळतात. हा हिशेब मी वहीवर मांडला, तेव्हा मागच्या बाकावरून होणाऱ्या गलक्याची किंमत मला प्रथमच नीट कळली.

गलक्यावर मात करण्यासाठी माणूस मान ताठ करतो, गळा आवळतो आणि ओरडतो. कुदळ धरणाऱ्याच्या तळहाताला घट्टे पडतात, तशा मग स्वरतंतूंच्या कडांवर, जेथे आघात अधिक तेथे, लहान गाठी येतात. गाठी आल्या की तंतू नीट मिटत नाहीत. मधून हवा निसटते, आवाज घोगरा होतो. तो भरून काढण्यासाठी माणूस आणखी जोर लावतो आणि त्या जोराने गाठी आणखी बळावतात. काही जणांच्या स्वरतंतूंवर काहीच दिसत नाही. केवळ गळा आवळून बोलण्याची सवय हाडीमाशी खिळलेली असते, आणि आवाज मात्र तसाच फाटलेला असतो.

स्वरोपचार हे रहाटगाडगे थांबवू पाहतो. ओठ मिटून गुंजारव करणे, शीतपेयाच्या बारीक नळीतून आवाज काढणे, अशा साध्या दिसणाऱ्या गोष्टींतून त्याचा आरंभ होतो. त्यामागे विचार आहे. तोंडाची वाट अरुंद झाली की हवेचा थोडा दाब मागे राहतो. तो दाब स्वरतंतूंना एकमेकांवर जोराने आदळू देत नाही. त्यामुळे कमी श्रमात स्वच्छ कंप मिळतो. गळ्याला ही सोपी वाट एकदा सापडली की ती हळूहळू शब्दात आणायची, शब्दातून वाक्यात आणि वाक्यातून रोजच्या कामात. ज्या प्रदेशात गवयाच्या पहाटेच्या रियाजाला आपण मान देतो, तेथे बोलण्याच्या रियाजाचे हसू का यावे?

या प्रश्नाशी माझा संबंध केवळ पुस्तकी नाही. माझी आई भाजी विकते. आठवड्यातले चार दिवस चार गावांचे बाजार, आणि प्रत्येक बाजारात सकाळपासून दिवेलागणीपर्यंत भाव पुकारणे. मी बारावीत होते तेव्हा तिचा आवाज बसला तो बसलाच. एका डॉक्टरांनी सांगितले, "बाई, दोन महिने बोलणे बंद ठेवा." आई म्हणाली, "बोलणं बंद ठेवलं तर चूल काय तुम्ही पेटवणार?" पुढे शहरातल्या रुग्णालयात दुर्बिणीने तपासणी झाली, स्वरतंतूंवर गाठी दिसल्या आणि स्वरोपचार सुरू झाला. आठ आठवडे, आठवड्यातून एक दिवस यायचे होते. प्रत्येक फेरी म्हणजे एक बुडालेला बाजार आणि दोन माणसांचे एसटीचे भाडे. आठांपैकी पाच फेऱ्या झाल्या. उरलेला सराव ती पहाटे मेथीच्या जुड्या बांधता बांधता करीत असे. शेजारच्या बायकांना वाटे, ही कुठला मंत्र पुटपुटते?

तिचा पूर्वीचा खणखणीत आवाज परत आला नाही. पण पूर्वी दुपारी बारालाच बंद पडणारा आवाज आता संध्याकाळपर्यंत टिकतो. त्यात व्यायामाचा वाटा किती आणि मी पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून दिलेल्या भावांचा वाटा किती, हे मला सांगता येणार नाही. एका बाईचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, हे आमच्या तर्कशास्त्राच्या तासाला मी शिकले आहे. म्हणून इतरांनी काय तपासले आहे ते पाहू.

२००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये याच प्रश्नावर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. किमान दोन महिने आवाज बिघडलेले सुमारे दोनशे रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला स्वरोपचार दिला, दुसऱ्याला काहीच दिले नाही. ज्यांना उपचार मिळाला त्यांचा आवाज सुधारला. असे रुग्णांनी स्वतः सांगितलेच, शिवाय कोण कोणत्या गटातला हे ठाऊक नसलेल्या परीक्षकांच्या कानांनाही तसेच जाणवले. मात्र रुग्णांच्या मनावरील चिंता आणि खिन्नता यांत फारसा फरक पडला नाही. म्हणजे हा उपचार आवाजाचा आहे. तो सर्व दुःखांवरचा उतारा नाही.

दुसरा दाखला शिक्षकांचा, म्हणून या अंकाच्या वाचकांना तो जवळचा वाटेल. अमेरिकेतील आयोवा आणि युटा या दोन राज्यांत बाराशेहून अधिक शिक्षक आणि जवळजवळ तितकेच इतर लोक यांची पाहणी झाली. ती २००४ साली प्रसिद्ध झाली. आयुष्यात कधी ना कधी आवाजाचा विकार झालेल्यांचे प्रमाण शिक्षकांत ५७.७ टक्के निघाले, इतरांत २८.८ टक्के. त्याआधी, २००२ साली, आवाज बिघडलेल्या ४४ शिक्षकांवर एक प्रयोग झाला होता. काहींना आवाजाची निगा कशी राखावी याचे नुसते शिक्षण दिले. काहींना कमरेला बांधायचा छोटा ध्वनिवर्धक दिला. काहींना काहीच दिले नाही. ध्वनिवर्धक मिळालेल्यांचा त्रास कमी झाला. नुसते पाणी प्या, ओरडू नका, असे शिकवलेल्यांमध्ये म्हणण्यासारखी सुधारणा झाली नाही!

मित्रहो, या निष्कर्षापाशी जरा थांबावेसे वाटते. आपण ज्याला उपचार समजतो तो पुष्कळदा उपदेशच असतो. उपदेश स्वस्त असतो आणि तो फसला तर दोष ऐकणाऱ्याच्या माथी मारता येतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार. शिक्षकाच्या घशावरचा भार कमी केल्यावाचून त्याला घशाची काळजी घ्यायला सांगणे म्हणजे ओझे न उतरवता हमालाला ताठ चालायला सांगणे आहे.

तिसरा दाखला कंपवाताचा. पार्किन्सन या नावाने ओळखला जाणारा हा आजार बरा होत नाही; त्यात आवाज हळूहळू बारीक होत जातो आणि बोलणे समोरच्यापर्यंत पोहोचेनासे होते. ली सिल्व्हरमन या अमेरिकी रुग्णेच्या नावाने ओळखली जाणारी एक पद्धत त्यासाठी वापरतात. आठवड्यातून चार दिवस, असे चार आठवडे, मोठ्याने आणि मोकळेपणाने बोलण्याचा कसून सराव. ब्रिटनमध्ये ३८८ रुग्णांवर झालेल्या प्रयोगाचे फलित २०२४ साली प्रसिद्ध झाले. या कसून सरावाने रुग्णांना आवाजामुळे होणारा त्रास कमी झाला. परंतु तेथील नेहमीच्या पद्धतीचा वाचोपचार ज्यांना मिळाला, त्यांच्यात आणि काहीच न मिळालेल्यांत फरक दिसला नाही. दोन्हींचे नाव उपचारच; पण एकाने गुण आला, दुसऱ्याने नाही. तेव्हा 'स्वरोपचाराने लाभ होतो का?' असे विचारण्याआधी 'कोणत्या, आणि किती?' असे विचारायला हवे.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. काही विकारांपुढे सरावाचे फारसे चालत नाही. 'स्पॅझ्मोडिक डिस्फोनिया' हा त्यांपैकी एक. यात बोलताना स्वरतंतूंचे स्नायू आपोआप आचके देतात आणि शब्द तुटतात, गुदमरतात. गंमत अशी, की असा माणूस हसताना किंवा गाताना कधी कधी अगदी व्यवस्थित आवाज काढतो. त्यामुळेच १८७१ साली या विकाराचे वर्णन झाल्यापासून कितीतरी दशके त्याला मनाचा खेळ समजण्यात आले. 'गाता येते, मग बोलता का येत नाही?' असा संशय रुग्णांनी वर्षानुवर्षे सोसला. पुढे कळले की हा मेंदूकडून स्नायूंना जाणाऱ्या आज्ञांचा बिघाड आहे. १९८४ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर अँड्र्यू ब्लिट्झर यांनी त्यावर बोटुलिनम या विषाचे अतिसूक्ष्म प्रमाणातले इंजेक्शन प्रथम वापरले. स्नायू काही महिने सैल पडतात, पुन्हा त्रास सुरू होतो, पुन्हा इंजेक्शन. येथे स्वरोपचार जोडीला उपयोगी पडू शकतो, पण एकटा पुरत नाही. २०२५ साली अमेरिकेचे आरोग्यमंत्री झालेले रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांना हाच विकार आहे. त्यांची मते कोणाला पटोत वा न पटोत, पण तुटक्या आवाजातही माणसाला जाहीर सभेत बोलता येते, हे जगाने पाहिले.

अशा रुग्णाला 'तू सराव नीट करीत नाहीस, म्हणून गुण येत नाही' असे म्हणणे हा अन्याय आहे. म्हणून निदान आधी, उपचार नंतर. तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसलेला असेल, विशेषतः तंबाखूची सवय असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाने दुर्बिणीने स्वरयंत्र पाहिल्यावाचून कोणताही व्यायाम सुरू करू नये. घोगऱ्या आवाजामागे कधी कर्करोगही दडलेला असतो.

याच्या उलट काही विकार असे, की तेथे स्वरोपचाराचे यश डोळ्यांत भरते. काही मुलांचा आवाज वयात आल्यावरही फुटत नाही. स्वरयंत्र वाढलेले असते, पण आवाज लहानपणीच्याच पट्टीत अडकून राहतो. थोड्याच बैठकांत अशा मुलांना आपला खरा आवाज सापडतो, असा तज्ज्ञांचा अनुभव आहे. आपल्याकडे मात्र अशा मुलाला प्रथम सापडतात त्या नकला आणि टोपणनावे. तो वर्गात हजेरी द्यायलाही कचरतो. त्याला कोणी सांगतच नाही, की हे त्याचे नशीब नसून यावर इलाज आहे.

मग 'लाभ' म्हणजे नेमके काय? आवाज गोड होणे? पूर्वीसारखा होणे? १९९७ साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी तीस प्रश्नांची एक यादी तयार केली. ती रुग्णाने स्वतः भरायची असते. लोकांना तुमचे बोलणे ऐकू येते का, आवाजामुळे तुम्ही माणसांत जाणे टाळता का, तुमच्या कमाईवर परिणाम झाला का, अशा स्वरूपाचे ते प्रश्न आहेत. मला ही कसोटी योग्य वाटते. आवाज कानाला कसा लागतो हे ऐकणारा ठरवील. पण त्या आवाजाने माणूस जगू शकतो का, हे ज्याचे त्यानेच सांगायचे. जुनाट विकारात पूर्ण बरे होणे पुष्कळदा हाती नसते. तथापि थकवा कमी होणे, दिवसभर पुरणे, चारचौघांत बोलायची भीती जाणे, हे लाभ लहान नाहीत.

येथे मूळ अडचणीकडे यावे लागते. सराव करायला वेळ लागतो, आणि वेळ ही गरिबाकडची सर्वांत महाग वस्तू आहे. वाचातज्ज्ञ तयार करणाऱ्या संस्था आपल्याकडे नाहीत असे नाही. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ पासून काम करीत आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली अली यावर जंग यांच्या नावाने राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. पण आठवडे बाजारापासून वांद्रे फार दूर आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांची नोंद आहे आणि त्यात वाचा व भाषा यांचाही समावेश आहे. परंतु तो स्वरयंत्र काढून टाकावे लागणे किंवा मेंदूच्या आघाताने वाचा जाणे, अशा कायमच्या अवस्थांसाठी आहे. ओरडून ओरडून आवाज गमावलेली भाजीवाली, एसटीचा कंडक्टर, अंगणवाडीच्या ताई यांना तेथे जागा नाही. पोलंडमध्ये दीर्घकाळ आवाजावर ताण पडल्याने होणारे विकार हे व्यवसायजन्य रोग म्हणून कायद्याने मानले जातात. आपल्याकडे घसा बसणे हा अजूनही ज्याच्या त्याच्या घशाचा खाजगी मामला आहे.

सरकारने काय करावे, हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण काही गोष्टी आवाक्यातल्या आहेत. जिल्हा रुग्णालयातील वाचातज्ज्ञाने महिन्यातून एक दिवस तालुक्याला बसावे, आणि तो बाजाराचा दिवस नसावा. एकदा समोर बसून शिकवल्यानंतर मधल्या बैठका फोनवरून व्हाव्यात. फोन आता भाजीच्या पाटीजवळही असतो. शिक्षकांच्या प्रशिक्षणात फळ्यावर कसे लिहावे हे जसे शिकवतात, तसे गळा न आवळता कसे बोलावे हेही शिकवावे. आणि आपल्या महाविद्यालयापुरते बोलायचे तर शंभर-सव्वाशे विद्यार्थ्यांच्या वर्गात ध्वनिवर्धक असावा. स्नेहसंमेलनात निवेदकाला जो मिळतो, तो अर्थशास्त्राच्या सरांना का मिळू नये? आपणा विद्यार्थ्यांच्या हाती तर याहूनही सोपी गोष्ट आहे. तास चालू असताना आपण जितके गप्प राहू, तितके घाव कोणाच्या तरी स्वरतंतूंवर कमी पडतील.

ज्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या कोणी कॉलेजची पायरी चढले नाही, त्यांच्याजवळ ना जमीन असते ना ओळखी. त्यांचे भांडवल म्हणजे हात-पाय आणि आवाज. या आवाजाची डागडुजी करणारे शास्त्र आज उपलब्ध आहे. ते अपुरे आहे, पण खोटे नाही. म्हणून आवाज बसलेल्या माणसाला यापुढे कोणी 'बोलणे कमी करा' असे सांगितले, तर त्याने निमूटपणे मान डोलावू नये. बसलेल्या आवाजातच का होईना, एवढे जरूर विचारावे : 'कमी किती ते कळले, आता कसे बोलू, तेही शिकवा.'